पोरं ओळीनं हरतायत. पुढच्या स्पर्धेची एन्ट्री भरू नये, असं माझं मत

टिळकवाडी लेफ्ट बॅक

आपल्या बेळगावच्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल संघातल्या पोरांचं या मोसमात काय चाललंय ते इथं सगळ्यांना माहीत आहे. परवाच्या सामन्यात मध्यांतराला आपण पुढे होतो. बरोबरीचा गोल बसला आणि त्यानंतर एकालाही बॉल नको होता. मिळाला की दुसऱ्याला देऊन मोकळं व्हायचं. आता कुणी म्हणतंय कोच बदला, कुणी म्हणतंय गोलकीपरला बाहेर बसवा, एकानं तर बंगळूरहून भाषण द्यायला माणूस आणायचं काढलंय. माझा तिन्हीला विरोध आहे.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 साली मांडलेलं साधं आहे. 'हे मला जमतं' असं वाटायला सगळ्यात पक्का आधार म्हणजे स्वतः केलं आणि जमलं, हा अनुभव. आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेलं बघणं त्याच्या खाली. कुणी पाठ थोपटून सांगणं आणखी कच्चं. मग भाषणावर पैसे कशाला घालायचे?

थोडे दिवस स्पर्धा बंद. आपल्या तोडीच्या संघांशी मैत्रीचे सामने ठेवा आणि दर सामन्याला एकच काम द्या. एकदा, पहिली पंधरा मिनिटं गोल खायचा नाही. पुढच्या वेळी, कॉर्नरला आपला माणूस सोडायचा नाही. वहीत स्कोअर नको, ठरलेलं काम झालं की नाही तेवढंच लिहा. आणि मागून छोटे पास देत यायचा हट्ट पावसाळा संपेपर्यंत सोडा. लेले ग्राउंडच्या चिखलात बॉल रुततो आणि शिव्या सेंटर बॅक खातो.

शहापूर स्ट्रायकर

काय बोलायलायस लेका. हरलो म्हणून मैदान सोडायचं, हा कुठला आत्मविश्वास?

2022 च्या वर्ल्ड कपात अर्जेंटिना पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून 2-1 ने हरला. पुढचा सामना मेक्सिकोशी, मध्ये फक्त चार दिवस. त्यांचा कोच स्कालोनीनं वही घेऊन कामं वाटली नाहीत, थेट पाच खेळाडू बदलले. एन्झो फर्नांडेझ बेंचवरून आला, गोल मारला आणि पुढच्या सामन्यापासून पहिल्या अकरात बसला. शेवटी कप त्यांनीच नेला. जो खेळत नाही त्याला बसवायचं, हेच औषध. आपल्या गोलकीपरनं हवेतले बॉल सोडलेत हे सगळ्यांनी बघितलंय. आत्मविश्वासाच्या नावाखाली त्याला किती दिवस सांभाळायचं?

आणखी एक. साठ मिनिटांनंतर पोरांचे पाय चालत नाहीत. पाय थकले की डोकंही बसतं. आधी पळवा त्यांना.

टिळकवाडी लेफ्ट बॅक

पळवायचं ते बरोबर, मान्य. पण अर्जेंटिनाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे बघ की. सौदीशी हरण्याआधी तो संघ सलग 36 सामने अपराजित होता. एवढी जमा असल्यावर एक हार पचते. आपल्या खात्यात काय आहे? आणि तो मेक्सिकोचा सामना परत बघ. पहिला अर्धा काही देखणा नव्हता, सांभाळून खेळले, मेस्सीचा गोल 64 व्या मिनिटाला आला. गोल न खाणं आधी, बाकी नंतर.

खानापूर एक्सप्रेस

मैत्रीच्या सामन्यांवर माझा विश्वास नाही, कारण आपल्या देशाच्या संघाचंच घ्या. 2024 सालभर भारत एकही सामना जिंकला नाही. मध्येच कोच स्टिमाच गेले, मार्केझ आले, तरी तेच. मग मार्च 2025 मध्ये शिलाँगला मालदीवशी मैत्रीचा सामना ठेवला, निवृत्त झालेल्या स्ट्रायकर सुनील छेत्रीला परत आणलं, 3-0 जिंकलो. सगळीकडे 'आत्मविश्वास परतला'. सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशशी 0-0. कच्च्या संघाला हरवून आलेला आत्मविश्वास तेवढाच टिकतो.

टिळकवाडी लेफ्ट बॅक

मी तोडीचे संघ म्हणालो, कच्चे नाही. मालदीवचं मी सांगितलेलंच नाही.

खानापूर एक्सप्रेस

तोडीचा संघ कोणता ते तू ठरवणार, म्हणजे झालंच की.

निपाणीकर

कोल्हापूर आमच्याकडून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे शाहू स्टेडियमवर सामने बघतच मोठा झालो. तिथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा असे तालमींचे संघ. हरलेल्या पोराला पेठेत चहा प्यायचीही चोरी असते. तरी तिथूनच खेळाडू तयार होतात. 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. दडपण नको, स्पर्धा नको, असं म्हणत राहिलात तर पोरं कायम मैत्रीचेच सामने खेळतील.

कॅम्पातली आई

मी फुटबॉल खेळलेली नाही, पण माझा मुलगा याच संघात आहे म्हणून लिहिते. निपाणीकर, तुमच्या तालमीत हरलेला पोरगा संध्याकाळी कट्ट्यावर त्याच लोकांत बसतो ना? शिव्या देणारेच पुढच्या सामन्याला ढोल घेऊन येतात. आमची मुलं सामना संपला की एकेकटी स्कूटरवर मागे बसून घरी जातात आणि वाटभर वडील काय काय चुकलं ते सांगतात. घरी आल्यावर मुलगा जेवतही नाही.

अजून एक बघितलंय. जिंकत होते तेव्हा कॅम्प, वडगाव, अनगोळ सगळे एकत्र डबा खायचे, मराठी, कन्नड, उर्दू काय वाट्टेल ते चालायचं. आता हरायला लागल्यापासून गल्लीप्रमाणे घोळके झालेत आणि दुसऱ्या घोळक्यातल्याला पास जात नाही. कोणाला खोटं वाटत असेल तर रेषेवर उभं राहून मोजा. गोलकीपर बदला नाहीतर ठेवा, त्यानं हे सुटणार आहे का?

निपाणीकर

वहिनी, घोळक्यांचं खरं असणार. पण ते मिटवायला कोचला वचक लागतो. आताच्या कोचला तो नाही, म्हणून तर बदला म्हणतोय आम्ही.

टिळकवाडी लेफ्ट बॅक

नवीन कोच आला की निकाल सुधारल्यासारखे दिसतात, कारण आपण तळाला गेल्यावरच कोच बदलतो. तिथून बहुतेक वेळा थोडं वरच यायचं असतं. एप्रिल 2015 मध्ये लेस्टर सिटी इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या तळाला होता. तरी त्यांचा कोच पिअर्सनला काढलं नाही. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून ते वाचले.

शहापूर स्ट्रायकर

अर्धीच गोष्ट सांग. मोसम संपल्यावर त्याच पिअर्सनला काढलं, रानिएरी आला आणि 2016 ला लेस्टर चॅम्पियन!

टिळकवाडी लेफ्ट बॅक

काढलं ते निकालांमुळे नाही. आणि मोसमाच्या मध्यात नाही, हे महत्त्वाचं. वहिनी म्हणतात त्यावर माझं एक म्हणणं आहे. सरावात चार-चारच्या टोळ्या करून छोट्या गोलांवर खेळवा, पण टोळी कोचनं पाडायची, प्रत्येकीत तीन गल्ल्यांची पोरं. चौघांत लपायला जागा नसते, पास द्यावाच लागतो. आणि गोलकीपरला सामन्याच्या सुरुवातीलाच एक-दोन सोपे बॅक पास द्या, हाताला-पायाला बॉल लागू दे त्याच्या.

शहापूर स्ट्रायकर

चिखलात बॅक पास? वर तूच लिहिलंस की मागून खेळू नका. तो बॉल मध्येच थांबला की गोल कुणाच्या नावावर?

टिळकवाडी लेफ्ट बॅक

मग कोरडं असेल तेव्हा. चिखल असेल तर दुसरं काही शोधू.

खानापूर एक्सप्रेस

टोळ्यांचं चालेल, उद्यापासून करा. पण एन्ट्री न भरण्याचं कुणी अंगावर घेणार? वर्गणी गोळा झालीय, जर्सीवर नाव टाकून घेणाऱ्या दुकानदाराला स्पर्धेचं सांगूनच पैसे आणलेत. त्याला काय सांगायचं, पोरांचा मूड नाही म्हणून?

कॅम्पातली आई

मी सांगते त्याला. नंबर द्या.