पुढचा डिस्क ब्रेक दाबला की टक् वाजतं, रोटरचा एक बोल्ट तर हाताने फिरतोय

सुट्टे_स्पोक:
मंडळी जरा मदत हवीये. सायकलला दोन्हीकडे मेकॅनिकल डिस्क आहेत, म्हणजे केबलवाल्या, ऑइलवाल्या नाहीत. हल्ली पुढचा ब्रेक दाबला की आधी टक् असा आवाज येतो मग ब्रेक लागतो, वर थोडा किंचाळतो पण. मला वाटलं पॅड संपले असतील म्हणून सायकल उलटी करून बघत बसलो तर रोटरच्या (ब्रेकची ती गोल चकती) सहा बोल्टपैकी एक चक्क बोटाने फिरतोय आणि त्याच्या शेजारचा जरा वर आलेला दिसतोय. ॲलन की लावली तर ती आत नीट बसत नाहीये, सैल लागते. आता हे नुसतं आवळून चालवली तर चालेल का, का रोटरच बदलायचा? आणि लिव्हर जवळजवळ हँडलला टेकतं, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

चेनतेल:
आधी सायकल बाजूला लाव, हे निस्तरेपर्यंत चालवू नकोस. तो टक् आवाज बहुतेक रोटरच हबवर (चाकाचा मधला भाग) किंचित सरकतोय त्याचा आहे. ब्रेक लागला की सगळा जोर त्या सहा बोल्टवर येतो, त्यातले दोन ढिले म्हणजे उरलेल्या चारांवर. आणि ढिला बोल्ट बाहेर येत येत फोर्कला किंवा कॅलिपरला (पॅड धरून दाबणारा भाग) अडकला तर पुढचं चाक जागच्या जागी जाम होईल, पुढे काय होतं ते सांगायला नको.

तो बोल्ट ॲलनचा नाहीये, नीट बघ आत चांदणी दिसेल. टी-२५ टॉर्क्स लागतो. ॲलन की त्यात अर्धवट बसते आणि चांदणीचे कोपरे खाऊन टाकते, मग बोल्ट ना आत जातो ना बाहेर येतो.

चाक काढ, सगळे बोल्ट बाहेर काढून आटे बघ. रोटरची भोकं पण बघ, लांबट झाली असतील तर रोटर गेला. भोकं गोल आणि रोटर सरळ असेल तर बदलायची गरज नाही. बोल्ट पुसून आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब (लाल नको, तो नंतर सुटता सुटत नाही), मग सगळे आधी हाताने बसव आणि समोरासमोरचे असे आलटून पालटून थोडे थोडे आवळ, एकच बोल्ट शेवटपर्यंत कसून मग दुसऱ्याला हात लावायचा असं नाही. रोटरवर फिरायच्या दिशेचा बाण असतो, तो उलटा नको.

घाटउतार:
एवढं काय त्यात, मी तर लांब पाना घेऊन दणकून आवळतो, आजवर एक ढिला झालेला नाही

चेनतेल:
@घाटउतार दादा हे बोल्ट एम-५ आहेत, बारीक, आणि हबचे आटे बहुतेक ॲल्युमिनियमचे. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, कंपनीगणिक २ ते ६ न्यूटन मीटरच्या आसपास सांगतात, नक्की आकडा मॅन्युअलमधे बघायचा. दणकून म्हणजे यापेक्षा कितीतरी जास्त होतं. बोल्ट तुटला तर निदान नवा मिळतो, हबचे आटे गेले की अख्खा हबच बदलायची वेळ येते. टॉर्कचा पाना नसेल तर छोटी एल आकाराची की घेऊन दोन बोटांनी आवळायचं, लांब दांडा नको.

आणि एक, बोल्ट जुळणारा नाही म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी सायकलचा लांब बोल्ट लावू नका. तो आत तळाला टेकतो, पाना सांगतो घट्ट झालं, पण रोटर खाली दाबलाच गेलेला नसतो.

मागचा_मडगार्ड:
बोल्ट झाले की पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे मागे हलवून बघ. तरी टक् येत असेल तर हँडल काटकोनात वळवून परत हलव. आताही वाजलं तर हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) ढिला आहे, नाही वाजलं तर आवाज ब्रेककडून किंवा चाकाकडून येतोय. कॅलिपरमधे पॅडला नावापुरता खेळ असतो, त्याचा बारीक टक् कधीकधी येतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

रोटरच्या नादात कॅलिपरचे दोन बोल्ट विसरू नकोस, आणि मधे ॲडाप्टर (कॅलिपर बसवायचा जोडतुकडा) असेल तर त्याचे वेगळे दोन असतात, तेच लोक हमखास विसरतात. क्विक रिलीज (पाना न लावता चाक काढायची सोय) असेल तर त्याचं लिव्हर डिस्कच्या विरुद्ध बाजूला ठेव. २०१५ मधे अमेरिकेत लाखो सायकली याच भानगडीत परत मागवल्या होत्या, नीट न लावलेलं लिव्हर पूर्ण मागे उघडून फिरत्या डिस्कमधे अडकत होतं.

सुट्टे_स्पोक:
धन्यवाद सगळ्यांना. टी-२५ आणला, रोटरची भोकं गोलच आहेत, आटे ठीक आहेत पण एकदम कोरडे होते, कंपनीतून काही लावलेलंच नसावं. आता टक् गेला. किंचाळणं आणि लिव्हर मात्र तसंच.

चेनतेल:
लिव्हरचं कारण वेगळं. केबलवाल्या बऱ्याच डिस्कमधे बाहेरचा एकच पॅड हलतो, आतला स्थिर असतो. तो झिजला की नुसती केबल ओढून भागत नाही, स्पोकच्या बाजूने कॅलिपरवर एक गोल नॉब किंवा स्क्रू असतो तो फिरवून आतला पॅड रोटरच्या अगदी जवळ आण, घासू देऊ नकोस, आणि मग केबल ओढ. त्याआधी पॅड काढून जाडी बघ, पत्रा सोडून मटेरियल अर्ध्या मिलीमीटरवर आलं असेल तर नवेच टाक. रोटर पण झिजतो, बऱ्याचशांची जाडी नवीन असताना १.८ मिमी असते आणि १.५ ला आला की बदलायचा.

किंचाळणं बहुतेक तेलाचं. चेनला स्प्रे मारताना उडतं, किंवा तेलकट बोटं लागतात. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कपड्यावर घेऊन पूस, आवाज जावा म्हणून डिस्कवर डब्ल्यूडी-४० मारलास तर ब्रेकच जाईल. पॅडमधे तेल मुरलं असेल तर घासून फार उपयोग होत नाही, बदल. नवे पॅड टाकलेस की मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घेऊन जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबायचा, असं वीसेक वेळा, तोवर उतारावर जाऊ नकोस.

मागचा_मडगार्ड:
आणि बोल्ट आवळून झाले की प्रत्येकाच्या डोक्यावरून रोटरच्या मधल्या भागापर्यंत मार्करने एक रेघ ओढ. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, पाना न काढता निघायच्या आधी नुसतं बघून कळतं. फक्त राइडवरून आल्या आल्या रोटरला बोट लावून बघू नकोस, चांगलंच भाजतं.