शेळीची लस गायीला कशी चालते? व्हायरसची जात नेमकी ठरवतात कशावरून?

रावेरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. 2022 च्या ऑगस्टमधी आपल्या जळगावच्या रावेर-यावलकडे लंपी (गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग) आला तेव्हा गुरांना जी लस टोचली ती शेळ्यांच्या देवी रोगाची होती. आमचे आबा तेव्हापासून एकच म्हणतात, शेळीची लस गायीला कशी लागू पडीन, आणि यंदा टोचूच नका म्हणून बसलेत. मी बीएस्सीला आहे पण पुस्तकात फॅमिली (कुळ), जीनस (प्रजाती) अशी नुसती नावं पाठ करायला दिलीत, त्याचा उपयोग काय ते कोणी सांगत नाही. व्हायरसची जात ठरवतात कशी? आणि मृत्युदर एका बातमीत 1 टक्का तर दुसरीत 10 टक्के, मग खरं काय समजायचं? अजून एक, एकाच गोठ्यात एक गाय गाठींनी भरलेली आन् शेजारची ठणठणीत, असं कसं?

गोठा_धुळे
भाऊ, आबांची शंका रास्त आहे, त्यांच्याशी वाद घालू नको, समजावून सांग. व्हायरस कोणत्या जनावराला होतो यावरून त्याचा गट ठरत नाही. आधी बघतात आत डीएनए आहे का आरएनए, एकेरी का दुहेरी, आणि पेशीत शिरल्यावर त्यापासून एमआरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायचा निरोप, कसा बनतो. डेव्हिड बाल्टिमोर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1971 मधी याच्यावरूनच गट पाडले, आज ते 7 धरतात. पुढची फॅमिली, जीनस ही वाटणी आयसीटीव्ही नावाची आंतरराष्ट्रीय समिती करते, आता मुख्य भर जनुकक्रम, म्हणजे डीएनए-आरएनएमधल्या अक्षरांची रांग, जुळवण्यावर असतो.

लंपीचा व्हायरस दुहेरी डीएनएचा, फॅमिली पॉक्सव्हिरिडी, जीनस कॅप्रीपॉक्सव्हायरस. या जीनसमधी तीनच भाऊ, मेंढीची देवी, शेळीची देवी आणि लंपी, आणि तिघांचा जनुकक्रम साधारण 97 टक्के सारखा. म्हणून शेळीच्या देवीच्या लशीने तयार झालेली प्रतिकारशक्ती लंपीलाही ओळखते. 1796 मधी इंग्लंडचे डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी गायीच्या देवीचा अंश टोचून माणसाला देवीपासून वाचवलं ते याच नात्यावर. पाठ करायला दिलेल्या जीनसचा उपयोग हाच की साथ अंगावर आली असताना कोणती लस हाताशी आहे ते त्यावरून कळतं. लस घेतलेलं एखादं जनावर आजारी पडतंही, पण तेवढ्यावरून लस वाया गेली असं धरू नका.

मृत्युदराचं म्हणशील तर समजा गावात 200 गुरं, 30 ला लंपी झाला, 3 दगावली. आजारी 30 वर भागलं तर 10 टक्के, सगळ्या 200 वर भागलं तर दीड टक्का. दोन्ही बरोबर, फक्त कशाने भागलं ते बातमीत सांगतच नाहीत, मला याचा खरंच राग येतो, कारण लोक उगाच घाबरतात नाहीतर उगाच निर्धास्त होतात.

शेजारच्या गायीचं कारण असं की लंपी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांमार्फत पसरतो, नुसतं अंगाला अंग लागून फार कमी. शिवाय लागण होऊनही काही जनावरांना गाठी येतच नाहीत.

केळीबाग_यावल
हे वाचून आमचा हरण्या आठवला. केळीवरचा हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, हा आरएनएवाला, लंपीशी काही नातं नाही, पण इथंही कीडच नेते. मावा ही बारकी कीड रोगट झाडावर काही सेकंद सोंड खुपसतो आणि लगेच दुसऱ्या झाडाला देतो, फवारणीनं तो मरायच्या आत काम झालेलं असतं, म्हणून नुसत्या औषधावर पैसा घालून हरण्या थांबत नाही भो. रोगट झाडं दिसली की उपटून नष्ट करा, बागेत आन् बांधाला काकडी, भोपळा, टोमॅटो लावू नका, तण ठेवू नका, कारण हा व्हायरस त्यांच्यातही राहतो.

रावेरचा_पोरगा
हाव, आता डोक्यात बसलं. लंपी माणसाला होतो का? आई दूध वापरायला घाबरते.

गोठा_धुळे
नाही होत, दूध उकळून घ्या. आणि लस निरोगी जनावरालाच द्यायची, ताप किंवा गाठी असलेल्याला नाही. आजारी जनावर वेगळं बांधा, गोठ्यातलं पाणी-शेण साचू देऊ नका, आणि आबांना घेऊनच दवाखान्यात जा, तिथल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की ते मानतील.