मदत हवी आहे: विकास शुल्काचा पैसा आपल्या भागात कुठे खर्च झाला, हे कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. पाच-सहा वर्षांत आजूबाजूला एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, पण मुलांना खेळायला मैदान नाही आणि आमच्या गल्लीत पावसाळी गटारही नाही. पाऊस लागला की सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं म्हणजे गुडघाभर पाण्यातून जावं लागतं.

बांधकाम परवानगी देताना महापालिका अशाच सार्वजनिक सोयींसाठी बिल्डरकडून विकास शुल्क घेते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात त्यासाठी सहा-अ हे स्वतंत्र प्रकरणच आहे. शेवटी तो पैसा फ्लॅटच्या किमतीत आपणच भरतो, म्हणून हिशेब विचारायचा हक्क आपला आहे असं मला मनापासून वाटतं.

माहिती अधिकारात अर्ज करणार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांची मर्यादा आणि उत्तरासाठी ३० दिवस, एवढं माहीत आहे. अडचण पुढे आहे. जमा रक्कम नगररचना विभागाकडे विचारायची आणि खर्च लेखा विभागाकडे, असे दोन अर्ज करू का? प्रभागनिहाय आकडे मागितले तर 'अशी माहिती संकलित नाही' असं उत्तर येईल का? त्यापेक्षा आधी अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष (ज्या नावाखाली हा पैसा नोंदवतात ते) शोधून थेट फाइल पाहायला मागणं बरं का?

कुणी असा अर्ज केला असेल तर मजकूर दाखवाल का? सोसायटीतले आठ-दहा जण सह्या करायला तयार आहेत, पण अर्ज एकाच्याच नावाने द्यावा का, हेही सांगा.