टर्बो बसवला, आता मोठे ब्रेक: गरज की रंगीत कॅलिपरची हौस?

अर्धा_क्लच

गाडी छोटी हॅचबॅक, वजन माणसासकट साधारण 1100 किलो. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवून ट्यून केल्यावर 85 ची ताकद 130 हॉर्सपॉवरपर्यंत गेली आहे. ब्रेक मात्र कंपनीचेच: पुढे 262 मिमीची व्हेंटिलेटेड डिस्क, 54 मिमीच्या एकाच पिस्टनचा सरकता कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा चिमटा), मागे ड्रम. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे.

मागच्या रविवारी घाट उतरताना सातव्या-आठव्या वळणाला पेडल नेहमीच्याच जागी, दगडासारखं कडक, आणि गाडी काही थांबेना. जळका वास आला. पुढचं वळण कसंबसं घेतलं, बाजूला थांबलो, हात थरथरत होते.

तेव्हा ठरवलं, पुढे 300 मिमीची डिस्क आणि चार पिस्टनचा कॅलिपर. ताकद दीडपट झाली तर ब्रेक जुनेच ठेवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, असं माझं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट बोलावं. "टायर बदल" हे चार शब्दांत सांगून पळू नये.

रबरजळे

चार नाही, दोनच शब्द आहेत ते. पण कारणासकट सांगतो.

100 च्या वेगाला ब्रेक पूर्ण दाबल्यावर एबीएस थरथरतं का? थरथरत असेल तर तुमच्या कॅलिपरकडे टायरला पेलवेल त्याहून जास्त जोर आत्ताच आहे. त्यापुढे गाडी थांबवतो तो टायर. पकड 0.9 धरली तर 100 वरून थांबायला साधारण 44 मीटर लागतात. तीच 1.0 झाली तर 39. हे चार-साडेचार मीटर तुम्हाला कुठलाही कॅलिपर देणार नाही, मग त्याला चार पिस्टन असोत की चौदा.

अर्धा_क्लच

थरथरतं. पहिल्या वळणाला थरथरतं. आठव्या वळणाला टायर तेच होते हो, रस्ता तोच होता, आणि एबीएस गप्प होतं! तुमचं गणित पहिल्या ब्रेकचं आहे, माझी अडचण आठव्याची.

तप्तमुद्रा

धागाकर्त्याशी सहमत, आणि रबरजळे यांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे. ब्रेक ही उष्णतेची भट्टी आहे. गाडीचा वेग जातो कुठे? डिस्कमध्ये जातो.

1100 किलोची गाडी 80 वरून 40 वर आणली की साधारण 204 किलोज्यूल बाहेर पडतात. त्यातले 70 टक्के पुढच्या दोन डिस्कवर धरा. एक डिस्क 5 किलोची असेल तर दर ब्रेकला तिचं तापमान 30 अंशांनी चढतं. आता टर्बो आला. दोन वळणांच्या मधल्या सरळ तुकड्यात हाच गृहस्थ 80 ऐवजी 100 ला पोचतो आणि तिथून 40 वर येतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे हा आकडा 356 किलोज्यूल होतो. म्हणजे पाऊणपट जास्त! वेग सव्वापट, उष्णता पावणेदोनपट. दर वळणाला 50 अंशांहून जास्त, आणि गार व्हायला वेळ उलट कमी, कारण पुढचं वळण लवकर येतं.

साध्या रस्त्यावरच्या पॅडचा दम साडेतीनशे-चारशे अंशांच्या आसपास सुटू लागतो. मोजा आता वळणं. साडेसात किलोची मोठी डिस्क घेतली तर तीच उष्णता दीडपट लोखंडात वाटली जाते. मोठी डिस्क थांबण्याचं अंतर कमी करायला नसतेच, ती आठवा ब्रेक पहिल्यासारखा लागावा म्हणून असते.

रबरजळे

गणित मान्य. पण त्यात टर्बोपेक्षा उजव्या पायाचा दोष जास्त दिसतो. 500 मीटर उंची नुसती उतरायची तरी 54 लाख ज्यूल कुठेतरी घालवावे लागतात, 100 वरून शून्यावर बारा-तेरा वेळा थांबण्याइतके. ते टर्बो नसलेल्या गाडीलाही लागतात. ती माणसं तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर उतरतात आणि इंजिनाला काम करू देतात. दोन वळणांत 100 गाठायचं आणि मग ब्रेकला शिव्या द्यायच्या, हे चालायचं नाही.

तप्तमुद्रा

मग टर्बो बसवलाच कशाला, शोकेसमध्ये ठेवायला?

मागचा_ड्रम

नावावरून कळलंच असेल मी कुणाच्या बाजूने बोलणार.

मीही एकेकाळी नेमका हाच किट लावला होता. दुसरी गाडी, पण मापं जवळपास हीच. चार पिस्टन म्हणजे चौपट जोर अशी माझी भाबडी समजूत होती. तसं नसतं. सरकत्या कॅलिपरचा एक पिस्टन दोन्ही पॅडचं काम करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या पक्क्या कॅलिपरची तुलना करताना एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे. 54 मिमीचा एक म्हणजे 22.9 चौरस सेंटिमीटर. 40 चे दोन म्हणजे 25.1. जोर वाढला फक्त 10 टक्के. डिस्कचा व्यास वाढल्याने पॅड केंद्रापासून लांब गेला, त्याचे 17-18 टक्के. दोन्ही मिळून पुढचा ब्रेक 29 टक्के भारी.

"मग चांगलंच की!" थांबा. मागचा ड्रम आहे तिथेच आहे. आधी पुढे 72 आणि मागे 28 असा वाटा असेल तर आता तो 77 आणि 23 झाला. पुढची चाकं लवकर लॉक व्हायला लागतात, एबीएस आधीच मध्ये पडतं, आणि मागची चाकं निवांत फिरत राहतात. मी मोकळ्या जागेवर खुणा करून मोजलं होतं. किट लावल्यावर माझी गाडी दीड-दोन मीटर *जास्त* जाऊन थांबली. पेडल हलकं लागायचं, चावा जोरदार, मित्र म्हणायचे काय ब्रेक आहेत राव. अंतर मात्र वाढलं होतं. चावा आणि थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला टेप हातात धरल्यावर कळलं.

शेवटी पुढचा किट काढून विकला.

नवखा_नट_बोल्ट

पण ईबीडी असतं ना त्यासाठी? पुढे-मागे ते आपोआप वाटून देतं म्हणतात.

मागचा_ड्रम

साध्या एबीएस-ईबीडीला मागचा दाब कमी करता येतो, तुमच्या पायापेक्षा जास्त वाढवता येत नाही. मागचं चाक लॉक होऊ नये हे त्याचं काम. आळशी मागच्या चाकाला ते ढोसणार नाही.

तप्तमुद्रा

इथे मात्र तुम्ही सोयीचं तेवढंच सांगताय. एबीएस असलेल्या गाडीत पुढचं चाक लॉकच्या काठावर आलं तरी पाय आणखी दाबता येतो. पुढचं एबीएस सांभाळतं, मास्टर सिलिंडरमधला (पेडल ज्यात ऑइल दाबतं तो) दाब चढत राहतो आणि मागच्या ड्रमला त्याचा वाटा मिळतोच. तुमचे दीड-दोन मीटर वाढले कारण थरथर लागताच तुम्ही पाय तिथेच रोखला असणार.

मागचा_ड्रम

रोखला असेन. बहुतेक सगळेच रोखतात! पेडल पायाखाली खडखडायला लागलं की नवखा माणूस घाबरून सैल सोडतो. ब्रेक त्या माणसासाठी बनवायचे की पुस्तकातल्या पायासाठी? शिवाय ते एबीएस जुन्या कॅलिपरच्या हिशेबाने बसवलेलं. आता त्याच दाबाला 29 टक्के जास्त जोर मिळतो, त्यामुळे त्याची सोड-पकड धसमुसळी होते.

मिस्त्रीकाका

मंडळी, आकडेमोड छान चालली आहे. पण पोराची गाडी कुणी पाहिली का?

अर्धा क्लच, पेडल कडक होतं म्हणालास. हे महत्त्वाचं. पेडल खाली बसलं असतं, स्पंजसारखं झालं असतं, तर ब्रेक ऑइल उकळलं असं म्हणालो असतो. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पाय खाली जातो. कडक पेडल आणि थांबत नाही म्हणजे दाब पोचतोय, पॅडची पकड गेली. दोन आजार, दोन औषधं. चार पिस्टनचा कॅलिपर यातल्या एकाचंही पहिलं औषध नाही.

तरी ऑइल कधी बदललंस ते सांग. डॉट 4 जातीचं ऑइल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. तेच ऑइल हवेतलं पाणी पितं, आणि पाणी पावणेचार टक्क्यांच्या घरात गेलं की ती हमी 155 वर येते. दोन वर्षं झाली असतील तर डोळे मिटून बदल. डॉट 5.1 घेतलंस तर 260 आणि 180. पण 5.1 च्या जागी नुसतं 5 उचलून आणू नकोस, ते सिलिकोनचं, त्याची जातच वेगळी.

आणि पुढची दोन्ही चाकं उतरव. पॅड आतला किती, बाहेरचा किती, मोजून इथे लिही. मग बोलू.

अवांतर: टर्बो बसवताना बूस्टरच्या (व्हॅक्यूमवर चालून ब्रेक दाबायला पायाला मदत करणारा डबा) व्हॅक्यूम पाइपातला एकेरी व्हॉल्व्ह तपासला होता का? टर्बो दाब देत असतो तेव्हा मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम नसतो. तो व्हॉल्व्ह गळका असेल तर बूस्टर रिकामा होतो आणि पेडल नेमकं असंच कडक होतं. जळक्या वासाचा मात्र त्याच्याशी संबंध नाही.

अर्धा_क्लच

काका, चाकं उतरवली.

उजवीकडे दोन्ही पॅड 6 मिमी. डावीकडे बाहेरचा 8, आतला जेमतेम 3. कॅलिपरची खालची पिन हाताने हलेना. पाना लावून, हळूच ठोकून काढली तर रबरी बूट फाटलेला, आतलं ग्रीस वाळून तपकिरी भुकटी झालेली आणि पिनेवर गंजाचा पट्टा. डिस्कची आतली बाजू निळसर पडली आहे. बाहेरून बघताना अलॉयच्या दांड्यांतून ती चकचकीत दिसायची, म्हणून कधी शंका आली नाही. ऑइल गाडी घेतल्यापासून मी बदललेलं नाही, त्याआधीचं देव जाणे. काळपट आहे.

व्हॉल्व्ह ठीक आहे. तोंडाने ओढून पाहिला, एकाच बाजूने हवा जाते.

मिस्त्रीकाका

झालं तर मग. कॅलिपर सरकतच नव्हता. पिस्टनने आतला पॅड दाबला, बाहेरचा नुसता सोबतीला. त्या चाकाची सगळी मजुरी एका पॅडने केली. आठव्या वळणाला तो मेला तर नवल काय? पिना नवीन, बूट नवीन, सिलिकोनचं ब्रेक ग्रीस. साधं ग्रीस लावलंस तर रबर फुगून पुन्हा हीच गत.

तप्तमुद्रा

पिन जाम होती हे खरं, आणि ती दुरुस्त व्हायलाच हवी. पण म्हणून पाऊणपट जास्त उष्णता हवेत विरत नाही. उजव्या चाकाची पिन ठीक होती ना? मग उजवी डिस्क किती तापली हे कुणी मोजलं? दुरुस्तीने गाडी कंपनीच्या मूळ पातळीवर येईल. मूळ पातळी 85 हॉर्सपॉवरसाठी होती, एवढंच माझं म्हणणं.

रबरजळे

यात मात्र तुमचं थोडं पटतं. फक्त मधली पायरी का सोडता? पॅड बदला ना. पुष्कळ पॅडवर कडेला दोन अक्षरं छापलेली असतात, पहिलं साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे पकड 0.25 ते 0.35, एफ 0.35 ते 0.45, जी त्याच्या वर. तापल्यावरचं अक्षर खाली घसरणारा पॅड घ्यायचाच नाही. आणि ट्रॅकचे पॅड रस्त्यावर नकोत. ते गार असताना चावत नाहीत, आणि सकाळी गल्लीतून निघताना समोर कुणी आलं तर तापवायला वेळ कुठला?

भोकाभोकांच्या डिस्कही नकोत. दिसायला झकास, पण भोकांच्या कडेने तडे जातात, आणि उष्णता साठवणारं लोखंड तुम्ही पैसे देऊन कमी करून घेता.

जुना_खेळाडू

इतका वेळ वाचत होतो. तिसरा मार्ग कुणीच बोललं नाही. त्याच कंपनीच्या त्याच सांगाड्यावरच्या थोरल्या, जड गाडीचे ब्रेक. होंडाच्या जुन्या सिव्हिकवाल्यांनी होंडाच्याच इंटेग्राचे ब्रेक लावून वर्षानुवर्षं हेच केलं. मागे डिस्क लावताना शहाणी माणसं मास्टर सिलिंडर आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही (मागच्या ब्रेकचा दाब बेताचा ठेवणारा) त्याच गाडीचा उचलायची. मागचा ड्रम यांचा आक्षेप तिथे निम्मा मिटतो, कारण पुढचं-मागचं जमवून देण्याची डोकेफोड कंपनीने आधीच केलेली असते.

आणि 300 च्या डिस्कवर चाक बसतंय का ते आधी बघा. व्यास बसला तरी कॅलिपरचं पोट अलॉयच्या दांड्यांना घासतं. पुठ्ठा कापून साचा करा आणि चाकाच्या आत फिरवून बघा.

मागचा_ड्रम

जुना खेळाडू यांना दंडवत. फक्त हँडब्रेकची केबलही मोजा म्हणावं. माझ्या मित्राची मागची डिस्क बसली आणि हँडब्रेक दीड महिना लोंबत होता. चढावर गाडी लावली की चाकाखाली दगड.

अर्धा_क्लच

तीन आठवड्यांनी लिहितोय. पिना, बूट, एफएफ पॅड, डॉट 5.1, पुढच्या डिस्क नव्या पण मापाने जुन्याच. नवे पॅड डिस्कवर रुळवायला 100 वरून 20 वर असे दहा ब्रेक मारले, मध्ये पूर्ण न थांबता, मग बराच वेळ ब्रेक न लावता गाडी पळवून गार केली. तोच घाट, त्याच वेगाने. रबरजळे, हो, त्याच वेगाने. आठव्या वळणाला ब्रेक लागला, बाराव्यालाही. वास किंचित. खाली थांबल्याबरोबर इन्फ्रारेड गन लावली: उजवी 318, डावी 325.

300 ची ऑर्डर तूर्त थांबवली आहे.

तप्तमुद्रा

थांबल्यावर मोजलेलं ते 318. बाराव्या वळणाला ब्रेक सोडला त्या क्षणी किती होतं? शेवटच्या वळणापासून तुम्ही थांबलात तिथपर्यंत किती अंतर होतं? तापमान बघायचा रंग मिळतो, तो डिस्कच्या कडेला लावा. हिरवा 430 ला रंग सोडतो, नारिंगी 560 ला, तांबडा 610 ला. हिरवा उडाला तर मी म्हणतो ते ऐकायचं.

अर्धा_क्लच

शेवटच्या वळणापासून दीड किलोमीटर होतं. रंग मागवतो. हिरवा टिकला तर?

तप्तमुद्रा

तर पुढच्या वेळी गाडीत चौघं बसवून उतरा.

मिस्त्रीकाका

मी नाही बसणार.