मदत हवी आहे : जर्मन नागरिकत्व आणि रक्ताचं नातं

एम.ए.च्या सेमिनारसाठी जर्मनीचा नागरिकत्व कायदा वाचतेय आणि एका जागी अडकलेय. १९१३च्या कायद्यानं नागरिकत्व वंशावर ठरवलं. १९६१ला तुर्कस्तानशी झालेल्या कामगारभरतीच्या करारानंतर आलेल्या तुर्की कामगारांची मुलं बर्लिनमध्ये जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली, तरी परदेशीच राहिली. उलट कझाकस्तानातून आलेल्या जर्मन वंशाच्या कुटुंबांना, धड जर्मन येत नसलं तरी, नागरिकत्व मिळालं! मला हे फार अन्यायाचं वाटतं. शेजारच्या फ्रान्सनं १८८९लाच जन्मभूमी हा नागरिकत्वाचा आधार मानला होता. मग जर्मनीत जन्माचा हक्क यायला २००० साल का उजाडलं? पूर्व-पश्चिम जर्मनीच्या फाळणीमुळे की आणखी कशामुळे? जाणकारांनी कृपया सांगावं. मराठीत काही वाचायला असल्यास तेही सुचवा.