कपाशीचा कृषी सल्ला चांगला, हे ठरवायचं कशावरून?

काळीमाती
सल्ला सेवेच्या अहवालात पहिला आकडा असतो तो किती शेतकऱ्यांना मेसेज गेले याचा. मेसेज गेल्याने बोंड वाचत नाही. मोजायच्या गोष्टी दोनच: एकरी फवारण्या किती झाल्या आणि वेचणीत कवडी (अळीने खराब केलेला, डागाळलेला) कापूस किती निघाला. गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसान पातळी, म्हणजे जिच्यापुढे फवारणी परवडते ती मर्यादा, ठरलेली आहे. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग 3 दिवस रोज 8 पतंग, किंवा शेतभर फिरून तोडलेल्या 20 हिरव्या बोंडांत 2 किडकी. त्याआधीच 'फवारा' म्हणणारा सल्ला चूक, मग तो गावाने पाळलेला का असेना.

शिवारफेरी
फवारण्या कमी म्हणजे सल्ला चांगला, हे अजिबात पटत नाही. अंड्यातून निघालेली बारीक अळी बोंडात शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. बोंड वरून ठणठणीत दिसतं, औषध आत पोचत नाही. सल्ला आठवडाभर उशिरा आला तर फवारणी एकच होईल आणि कापूस तरीही कवडी निघेल. म्हणून पातळी ओलांडल्याची तारीख आणि सल्ला हातात पडल्याची तारीख, यांतला फरक मोजा.

आणि तुलना कोणाशी करता? सल्ला मागणारा बहुतेकदा आधीपासूनच जागरूक असतो. ओलिताची कपाशी फरदडीसाठी, म्हणजे हंगाम संपल्यावरच्या जादा वेचणीसाठी, जानेवारीपुढे उभी ठेवतात, कोरडवाहूची उलंगवाडी (शेवटची वेचणी) लवकर होते. त्यांचे आकडे एकत्र केले की निष्कर्ष कामातून गेला. एकाच गावातलं, एकच वाण, एकाच आठवड्यातली पेरणी, पाण्याची सोय सारखी, असे सल्ला घेणारे आणि न घेणारे घ्या.

नोझल
दोघांनीही पंप विसरला. 'इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के, 10 लिटरला 4 ग्रॅम' हा अळीनाशकाचा सल्ला साध्या पाठीवरच्या पंपाचा. एकरी 200 लिटर पाणी धरलं तर 80 ग्रॅम औषध पडतं. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाने एकर 65-70 लिटरमध्येच उरकतो. त्याच प्रमाणात मिसळलं तर जेमतेम 26-28 ग्रॅम. अळी मरत नाही, शेतकरी औषध बोगस ठरवतो आणि आठ दिवसांत दुसरं जहाल औषध मिसळून मारतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर तरी हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा हे ज्या सल्ल्यात नाही त्याला मी नापासच करीन. मात्रा एकरी सांगा, लिटरमागे नको.

काळीमाती
नोझलभाऊ, एकरी मात्रेचं म्हणणं बिनतोड. तारखांचंही मान्य. पण शिवारफेरी, तुमच्या पद्धतीने फक्त वेळेवर आलेला सल्ला पास होईल. तो त्या शेताला लागू होता का, हे कळणार नाही. क्रॉपसॅप हा राज्याचा कीड-रोग पाहणी आणि सल्ला प्रकल्प 2009 साली सुरू झाला तो आदल्या वर्षी विदर्भात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्या आल्यावर. त्याची निरीक्षणं निवडक शेतांतली असतात. तालुक्यात पातळी ओलांडली म्हणून माझ्या बांधाआतही ओलांडली, असं होत नाही.

शिवारफेरी
म्हणून तालुक्याचा इशारा फक्त 'आज बोंडं फोडून बघा' एवढाच असावा. पुढचा निर्णय 20 बोंडांवर. फोटोवरून निदान करणाऱ्या ॲपचीही परीक्षा इथेच घ्या: बोंड न फोडता काढलेल्या फोटोवर ते 'निरोगी' म्हणतं, की 'फोडून दाखवा' म्हणतं?