काळी माती चाकावर घ्यावी की झिलईत?

प्रश्न (मखमलाबाद, नाशिक): घरच्या विजेच्या भट्टीत मी १२२० अंश सेल्सिअसला स्टोनवेअर, म्हणजे चढ्या आचेची घट्ट भांडी, भाजते. आमच्याच शेतातल्या मातीची भांडी करावीत म्हणून काळी माती भिजवून, गाळून चाकावर घेतली. पण सावलीत झाकून वाळवूनही बहुतेक वाडगे काठापासून बुडापर्यंत तडकले. जे दोन वाचले ते ९५० अंशांना भाजले, तर आठवड्याभरात त्यांच्यावरून पांढऱ्या टिकल्या उडाल्या. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर (सिन्नर): तुमचा हात चुकलेला नाही, तो त्या मातीचा स्वभाव आहे. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीतले माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकेच आक्रसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याचेही कारण हेच. पांढऱ्या टिकल्या म्हणजे चुनखडीचे खडे. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, तो पुढे हवेतला ओलावा घेऊन फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. त्यात लोह आणि चुना असल्याने १२२० अंशांना ही माती उभी न राहता वितळू लागते, म्हणूनच मी तिला झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, वापरतो. ८० नंबरच्या चाळणीतून गाळा आणि निम्मी माती आधी ७०० अंशांना भाजून घ्या, कारण सगळीच कच्ची लावली तर बिस्कवर (एकदा भाजलेल्या, बिनझिलईच्या भांड्यावर) वाळताना तडकून सोलून निघते.

उत्तर (निफाड): तिच्यात द्राक्षवेलींची राख मिसळून पाहा. एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या बांधावर पडलेल्याच असतात. राखेतला चुना मातीला वितळायला मदत करतो. मी निम्मे-निम्मे घेऊन चाचणी सुरू केली होती. पातळ लागते तिथे तांबूस मधाचा रंग येतो, दाट ठिकाणी जवळजवळ काळा. राख भिजवताना हातमोजे घालाच, ते पाणी कातडी खाते. बागेवर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) फवारलेले असेल तर राखेत तांबे उतरते, म्हणून जेवणाच्या भांड्यांना आतून ही झिलई नको. शिवाय ती ओघळते. बुडाच्या वर बोटभर जागा कोरी ठेवा, आणि वाडग्याच्या पोटाखाली एक बारीक कंगोरा काढा, म्हणजे ओघळ तिथे थबकून जाड थेंबाची कड धरतो.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. कंगोऱ्याचे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आता चाचणीसाठी मातीच्या सहा छोट्या उभ्या फरशा करून राखेचे प्रमाण थोडे थोडे बदलत पाहते.